शाळेचे चालक आणि ‘आपला माणूस’
(वार्षिक स्नेहसंमेलनात शालेय समितीच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शाळेचे प्रतिवृत्त वाचले जाते. दहावीचा निकाल, क्रीडास्पर्धांतील ढाली, देणगीदारांची नामावली आणि शेवटी आभार, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. यंदा ते छापून आपल्या हाती आधीच दिले आहे. ते पुन्हा वाचून आपला वेळ घेण्यापेक्षा, जी गोष्ट कोणत्याही प्रतिवृत्तात येत नाही आणि जी आम्ही समितीचे सभासद एकमेकांशीही बोलण्याचे टाळीत आलो, ती आज आपणांपुढे मांडावी असे आम्ही ठरविले आहे. बोलणे थोडे कडू लागेल. घरच्या माणसांपुढे बोलावयाचे आहे, म्हणून धीर होतो.

ज्ञातिसंस्थेने शाळा चालवावी काय, असा प्रश्न विचारणारे आमच्या तरुण सभासदांतही आहेत, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. आमचे उत्तर असे की, कुंपण घालण्यासाठी चालवावयाची असेल तर चालवू नये. शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले आणि पुढील काही वर्षांत जैन, लिंगायत, मुसलमान अशा अनेक समाजांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. त्यांचा हेतू, मागे राहिलेल्या मुलाला शहरात पाय टेकण्यापुरती जागा मिळावी, हा होता. त्याच छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वांसाठी सक्तीचे व मोफत केले. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसली. आपल्या पूर्वसूरींनी शाळा काढली तेव्हा लग्नकार्यांत वर्गणीची पेटी फिरत असे, हे येथील वृद्ध मंडळींना आठवत असेल. आज त्या शाळेतील बहुसंख्य मुले आपल्या ज्ञातीबाहेरची आहेत आणि शिक्षकांचे वेतन शासनाच्या अनुदानातून येते. म्हणजे इमारत आपली, परंतु पैसा सर्वांचा आणि मुलेही सर्वांची. ही स्थिती आपण तोंडाने मान्य करतो. बैठकीत मात्र आपले वर्तन अजून घरच्या दुकानाप्रमाणे असते.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या एका विद्यार्थिनीच्या मातेने समितीकडे अर्ज दिला. गणिताचे शिक्षक घरी शिकवणी घेतात; जी मुले तेथे जात नाहीत त्यांच्या वह्या तपासल्याविना परत येतात आणि वर्गात त्यांना टोमणे ऐकावे लागतात, अशी तक्रार होती. अर्ज साध्या कागदावर होता, अक्षर वळणदार नव्हते, आणि ती बाई आपल्या ज्ञातीची नव्हती. ते शिक्षक आमच्यापैकी एका ज्येष्ठ सभासदांचे भाचे होते. लागोपाठ तीन बैठकींच्या इतिवृत्तांत त्या अर्जापुढे “वेळेअभावी स्थगित” असे शब्द आहेत. वेळेचा अभाव नव्हता. त्यांतील एका बैठकीत प्रवेशद्वाराच्या कमानीला कोणता रंग द्यावा यावर आम्ही तासभर बोललो होतो. चौथ्या बैठकीच्या आधी ती मुलगी शाळा सोडून गेली.

पुढची गोष्ट याहूनही लाजिरवाणी आहे. गावात चर्चा झाली, वर्तमानपत्रात नाव येईल अशी भीती वाटू लागली, आणि ज्या समितीने वर्षभर काही केले नाही तिने एका रात्रीत त्या शिक्षकांना कामावरून दूर करण्याचा ठराव केला. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, त्यांचे म्हणणे ऐकलेले नाही. ते न्यायाधिकरणापुढे गेले आणि अर्थातच जिंकले. त्यांचे थकलेले वेतन संस्थेला पदरचे भरावे लागले; वसतिगृहाच्या छपरासाठी राखून ठेवलेली रक्कम त्यात गेली. छपराला यंदाही ताडपत्री का आहे, असे ज्यांनी विचारले त्यांना हे उत्तर. ते शिक्षक परत आले, शिकवणी बंद झाली, आणि आज ते मन लावून शिकवितात, हेही सांगितले पाहिजे. आधी कुणी त्यांना वेळीच बसवून घेऊन विचारले असते, तर एवढे काहीच घडले नसते.

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खाजगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. २४ व्या कलमात त्याची कर्तव्ये दिली आहेत: वेळेवर व नियमित यावे, अभ्यासक्रम पुरा करावा, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून जादा शिकवावे, पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची प्रगती सांगावी. १७ वे कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी करते. टोमणे त्यातच आले. चालकांच्या बाजूने पाहिले तर खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आहे. गंभीर शिक्षा करावयाची तर आरोप लेखी द्यावे लागतात, खुलाशास मुदत द्यावी लागते, आणि तिघांची चौकशी समिती नेमावी लागते. त्या समितीत एक जण व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने स्वतः सुचविलेला, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून घेतलेला असतो. हे काम सामान्यतः १२० दिवसांत संपावे अशी अपेक्षा आहे. आम्हांपैकी कितीजणांनी ही नियमावली त्या प्रसंगापूर्वी वाचली होती? प्रामाणिक उत्तर असे की, एकानेही नाही. शिक्षकांनी तरी कोठून वाचावी? नेमणुकीच्या दिवशी आपण त्यांना हार घालतो, चहा देतो. त्यांची कर्तव्ये आणि त्यांचे हक्क यांचा कागद कधी त्यांच्या हाती दिला नाही.

शिक्षकाने संस्थेबाहेर काय करावे हा वाद काही नवा नव्हे. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याचे व्रत घेतले. पुढे सदस्यांनी आपली शक्ती व वेळ संस्थेबाहेरच्या कामांस द्यावा की नाही यावरून मतभेद वाढले. १८९० साली गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले तेव्हा टिळकांनी आक्षेप घेतला आणि त्याच वर्षी ते सोसायटीतून बाहेर पडले. कोण बरोबर होते हे ठरविण्याचे हे ठिकाण नाही, आमची तेवढी योग्यताही नाही. आम्हांस त्यात जाणवते ते असे की, त्या मंडळींनी नियम प्रथम स्वतःला लावला. शाळेचे चालक आणि शिक्षक तेथे एकच होते, म्हणून तो प्रश्न त्यांच्या अंगावर आला. आपण चालक वेगळे आणि शिक्षक वेगळे, म्हणून नीतिनियमांची गोष्ट निघाली की आपले बोट समोर वळते.

वास्तविक शिक्षकांना वाकड्या वाटेवर नेणारे पुष्कळदा आपणच असतो. ही स्मरणिका आपण हौसेने चाळाल. हिच्या जाहिराती गोळा करण्यासाठी पूर्वी सायंकाळी शिक्षकांना पेठेत पाठविले जाई, आणि ज्याने जास्त जाहिराती आणल्या त्याची रजा लवकर मंजूर होई. सभासदांच्या घरच्या मंगलकार्यात पंक्तींची व्यवस्था शाळेच्या शिपायांनी पाहावी ही तर रूढीच झाली होती. शासनानेसुद्धा जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामांस जुंपू नये, असे कायदा सांगतो. मग आमच्या घरची लग्ने त्यात कोठे बसतात? नेमणुकांचा प्रश्न २०१७ पासून राज्यस्तरीय अभियोग्यता चाचणी व पवित्र प्रणाली आल्यामुळे पुष्कळसा सरळ झाला आहे. तरी मुलाखतीच्या आदल्या दिवशी “आपल्या माणसाकडे लक्ष असू द्या” असे निरोप येतच असतात. निरोप पाठविणारे याच सभागृहात बसलेले असतात. आम्ही स्वतःही ते पाठविलेले आहेत.

एका बाबतीत मात्र ‘आपला माणूस’ हा शब्दही उच्चारता येणार नाही, अशी वेळ आली आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविषयी २०१२ चा जो कायदा आहे, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्याप्रमाणे असा गुन्हा घडल्याचे समजल्यावर तो पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळविला नाही, तर त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला, तेव्हा आमच्या बैठकीत एका सभासदांनी सहज विचारले, “आपल्याकडे असे काही झाले तर प्रथम कोणाला फोन करायचा?” चार सभासदांनी चार निराळी नावे सांगितली. त्यांतील तीन नावे ज्ञातीतील वजनदार गृहस्थांची होती. पोलीस ठाण्याचे नाव कोणी घेतले नाही. ती शांतता आम्हांस अजून आठवते. प्रकरण घरातल्या घरात मिटविणे हा आपल्या ज्ञातिपंचायतीचा जुना गुण मानला जात असे. शाळेच्या दारात तो गुन्हा ठरतो.

आता शाळेच्या आराखड्याविषयी. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती सांगितली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. तिने शाळा विकास आराखडा करावा. केंद्राच्या नमुना नियमांत तो तीन वर्षांचा, त्यात वर्षावर्षाचे तीन उपआराखडे, असा सांगितला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित खाजगी शाळांत ही समिती केवळ सल्लागार झाली आणि आराखड्याची सक्ती उरली नाही. सक्ती गेली म्हणजे काम गेले, असा सोयीचा अर्थ आम्ही काढला. शाळासिद्धीचे स्वयंमूल्यमापन आले, त्यात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके होती. प्रत्येक मानकापुढे शाळा कोणत्या पायरीवर आहे हे विचार करून लिहावयाचे होते. आमच्या शाळेत ते लिपिकाने एका सायंकाळी संगणकावर भरले आणि बहुतेक ठिकाणी वरची पायरी लिहिली. आमच्यापैकी कोणी ते पाहिलेही नाही. स्वतःचा म्हणून जो आराखडा आम्ही केला होता त्यात कमान, सभागृहाचा रंगमंच आणि संस्थापकांचा अर्धपुतळा एवढी तीन कलमे होती. त्यात मूल कोठेच नव्हते.

गेल्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हांस एक साधी विनंती केली. आराखड्यावर सही करण्यापूर्वी एक सकाळ पाचवीच्या वर्गात येऊन बसा, असे त्या म्हणाल्या. आम्ही दोघे गेलो. पुढच्या बाकांवरील मुलांनी धडा घडाघडा वाचला. मागील दोन बाकांवरील मुलांना बाईंनी वाचावयास सांगितले तेव्हा एक मुलगा चित्राकडे पाहून मनाने वाक्ये रचू लागला. वाक्ये सुंदर होती. पुस्तकात मात्र ती नव्हती. त्याला अक्षरे जोडता येत नव्हती आणि चार वर्षे त्याने हे कोणास कळू दिले नव्हते. बाहेर पडताना कमानीखालून जावे लागले, तेव्हा आम्ही दोघेही मान खाली घालून गेलो.

त्यानंतर जो आराखडा झाला तो एका पानाचा आहे. पाचवी व सहावीतील न वाचणाऱ्या मुलांची यादी, त्यांच्यासाठी रोजचा एक तास, तो घेणाऱ्या शिक्षकांची नावे, आणि दर दोन महिन्यांनी समितीच्या एका सभासदाने त्या मुलांजवळ बसून वाचन ऐकणे. कुलपात असलेले ग्रंथालय मधल्या सुट्टीत उघडणे. ज्या कलमापुढे माणसाचे नाव आणि महिना नाही ते आम्ही खोडून टाकले. त्यात अर्धपुतळाही गेला, त्याबद्दल देणगीदारांची क्षमा मागतो. त्या मुलाचे वाचन आम्ही दिवाळीपूर्वी ऐकले. अडखळतो, परंतु आता पुस्तकातलेच वाचतो.

याच पानाच्या मागे समितीने स्वतःसाठी काही बंधने लिहिली आहेत. नातेवाइकाचा विषय निघाला की सभासदाने बैठकीतून उठून बाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे. उमेदवाराशी देणगीचा शब्द काढू नये. शिक्षकांस परस्पर काम सांगू नये. पालकाचा अर्ज आल्यास पुढील बैठकीतच तो पहिला विषय असावा. शिक्षकांसाठीचा कर्तव्यांचा आणि हक्कांचा कागदही तयार आहे. तो शिक्षकांबरोबर बसूनच लिहिला, आणि त्यांनी आमच्या मसुद्यातील दोन कलमे अन्याय्य म्हणून बदलावयास लावली, ती आम्ही बदलली.

एक गोष्ट तेवढी अनिर्णित आहे. शाळेच्या फाटकाशी तक्रारपेटी लावली आहे. तिची किल्ली मुख्याध्यापिकाबाईंकडे एक आणि दुसरी पालक-सभासदांपैकी ज्ञातीबाहेरच्या एका मातेकडे असावी, अशी सूचना आहे. समितीतील दोघा सभासदांचा तिला विरोध आहे. संस्थेची किल्ली बाहेर का द्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. आजच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा सहावा विषय असून दुपारी तीन वाजता त्यावर मतदान आहे. आमचे मत आपण ऐकलेच. त्या दोघा सभासदांनाही बोलण्यास आम्हांइतकाच वेळ मिळावा, अशी अध्यक्षमहाशयांस विनंती आहे.