वीज कोणाची?



संध्याकाळ झाली. बटण दाबलं आणि दिवा लागला. ही वीज कोणाची? पारावर विचारलं तर कोणी म्हणतो सरकारची, कोणी म्हणतो कंपनीची. खरं काय, ते आज आपण पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. वाण्याने ज्वारीचा भाव वाढवला, तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. विजेचं तसं नाही. गावात खांब एकाचे आणि ताराही त्याच्याच. दोघांनी वेगवेगळ्या तारा ओढल्या तर खर्च दुप्पट होईल, आणि तो पडेल आपल्याच माथी. म्हणून वीज देणारा बहुधा एकच असतो. पण एकटाच दुकानदार असला, की तो मनाला येईल तो भाव लावील. बैल बळकट असला तरी त्याला वेसण लागते. तशी इथेही लागते.

मालक निरनिराळे असतात. मुंबई शहराला एक खाजगी कंपनी वीज देत असे. १९४७ साली ती नगरपालिकेने विकत घेतली. तीच बेस्ट. श्रीरामपूर भागात मुळा-प्रवरा ही सहकारी संस्था २०११ पर्यंत वीज देत होती. राज्याच्या बाकी बहुतेक भागासाठी १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्या मंडळाच्या कंपन्या झाल्या. महानिर्मिती वीज तयार करते. महापारेषण ती मोठ्या तारांवरून दूरवर नेते. महावितरण ती घरोघर पोचवते. नाव कंपनीचं, पण मालकी राज्य सरकारची. म्हणजे शेवटी तुमची-आमची.

मालक कोणीही असो, भाव त्याने एकट्याने ठरवायचा नाही, असा कायदा आहे. त्यासाठी १९९९ साली महाराष्ट्रात वीज नियामक आयोग नेमला गेला. नियामक म्हणजे नियम घालून देणारा. हीच ती वेसण. कंपनीला दर बदलून हवा असेल, तर तिने आयोगाकडे हिशेब मांडायचा. मग लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात. जाहीर सुनावणी होते. त्यानंतर आयोग निकाल देतो. निकाल दर वेळी आपल्यासारखाच लागतो असं नाही. कोळसा महागला तर वीजही महाग होऊ शकते. पण आपण गप्प बसलो, तर आपली बाजू मांडणार कोण?

आता घरच्या बिलाकडे वळू. समजा, पार्वतीबाईंच्या बिलात मागचं रीडिंग १४२० आहे आणि चालू रीडिंग १८४० छापलंय. म्हणजे वापर ४२० युनिट. बाईंनी मीटर पाहिलं. त्यावर १४८० होतं! म्हणजे वापर फक्त ६० युनिट. आकड्यांची अदलाबदल झाली होती. बाईंना वाचता आलं नसतं तर?

अशा वेळी काय करावं? कचेरीत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावं. त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत.

बिल थकलं म्हणून वीज तोडायची असेल, तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. २००३ च्या वीज कायद्यात तसं लिहिलं आहे. बिलाबद्दल तंटा असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली कमी असेल ती ‘तक्रार कायम ठेवून’ भरावी. मग तंटा मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मात्र बिल भरायचंच नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. वापरलेल्या विजेचे पैसे दिलेच पाहिजेत.

आपण अक्षरं शिकलो ती केवळ सही करण्यासाठी नव्हे. आज घरी गेल्यावर बिल काढा आणि मीटरसमोर उभे राहा. दोन्ही आकडे वाचा आणि वहीत लिहा. दर महिन्याला लिहीत चला. मालकाने हिशेब पाहायचा असतो, आणि वीज आपली आहे.