‘तपास सुरू आहे’ म्हणजे नकार नव्हे

गाजलेल्या गुन्ह्याच्या फायलीतला कागद मागितला की टपालाने दोन ओळींचं उत्तर येतं: ‘तपास सुरू असल्याने माहिती देता येत नाही.’ पीडितांच्या घरच्यांना हे फार जिव्हारी लागतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) मध्ये ही मुभा आहे खरी, पण ती एवढी सैल नाही. कागद दिल्याने तपासात, अटकेत किंवा खटल्यात अडथळा नेमका कसा येईल, ते अधिकाऱ्याने दाखवायला हवं. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलंय. असा मोघम नकार मुकाट्याने घेऊ नका. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा. आणि घटना २० वर्षांपूर्वीची असेल, तर कलम ८(३) नुसार तपासाची ही सबब चालतच नाही.