ताप उतरला, पण आजार?

श्रोतेहो, भातलावणी आटोपली आणि पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत रंगकामाची घाई उडाली, की आमच्याकडे तापाचेही दिवस येतात. पेण काय नि रोहे काय, घरोघर पाण्याची पिंपे भरलेली असतात, आणि डेंग्यूच्या डासाला नेमके असेच साठवलेले पाणी आवडते.

माझा एक विद्यार्थी सुट्टीत अशाच कारखान्यात काम करी. ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने रक्त तपासून घेतले. 'डेंग्यू नाही' असा कागद हाती आला. पाचव्या दिवशी ताप उतरला, म्हणून स्वारी कामावर हजर! दुपारी पोटात कळा आल्या नि तो चक्कर येऊन पडला.

मग तो कागद खोटा होता का? नाही. हिवतापाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. विषाणू त्याहून फार लहान, त्यामुळे डॉक्टर त्याच्या खुणा शोधतात. चोर घरात असतो तेव्हा दारात त्याची वहाण सापडते. कुत्री मात्र जरा उशिराच भुंकू लागतात. पहिले पाचेक दिवस रक्तात विषाणूचे स्वतःचे प्रथिन सापडते, ती 'एन.एस.वन' तपासणी. शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे पाचव्या दिवसानंतर नीट दिसतात, ती 'आय.जी.एम.' तपासणी. या मुलाची दुसऱ्या दिवशी केली होती ती ही दुसरी! पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. सरकारी प्रयोगशाळांना या तपासणीचे संच तिथूनच जातात.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना ताप कोणत्या दिवशी आला, ते आधी सांगा बरं का. गुरुजींनी मुलांच्या वहीत ती तारीख लिहून दिली तरी पुष्कळ झाले.

डेंग्यूत खरी जपणूक ताप उतरल्यावरच करायची असते. पुढचे एक-दोन दिवस रक्तातले पाणी शिरांबाहेर झिरपू शकते. म्हणून डॉक्टर पुनःपुन्हा रक्त घेतात. लोक प्लेटलेटच्या एका आकड्याने घाबरतात. डॉक्टर मात्र रक्ताचा दाटपणा वाढतोय का, नाडी कशी आहे, लघवी होते की नाही, हेही पाहतात. पोटात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण ग्लानी, यांतले काही दिसले तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. आणि अंगदुखीवर ॲस्पिरिनची गोळी मुळीच घ्यायची नाही. तिने रक्तस्राव वाढतो.

त्या मुलाला सलाईन लावले, दर काही तासांनी रक्त पाहिले. तिसऱ्या दिवशी दाटपणा पूर्ववत झाला, तेव्हा कुठे घरी सोडले. कारखान्यात त्याच्या वाट्याच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तशीच राहिली होती. ती त्याच्या धाकट्या भावाने पुरी केली.