स्वतःची सही
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कॅनडासारखा सातासमुद्रांपलीकडचा विषय आम्ही आजच्या व्याख्यानासाठी का निवडला, असे आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांची मुलेमुली आज शिक्षणाकरिता वा नोकरीकरिता टोरांटो, व्हँकुव्हर या बाजूला आहेत. ती सुट्टीत घरी आली म्हणजे त्यांच्याजवळच्या नाण्यावर इंग्लंडच्या राणीची मुद्रा पाहून घरातील वडीलधारी माणसे विचारतात, "अरे, तो मुलूख अजून इंग्रजांच्याच ताब्यात आहे की काय?" हा प्रश्न आम्हांस स्वतःलाही दोन-तीन घरी विचारण्यात आला, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून हा प्रपंच.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख शाळेतले लहान मूलही सांगते. कॅनडाला अशी एक तारीख नाही. १ जुलै हा तेथील राष्ट्रीय दिन खरा. कारण १८६७ साली त्या दिवशी ओंटॅरिओ, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रुन्सविक हे चार प्रांत एकत्र येऊन कॅनडाचे संघराज्य स्थापन झाले. परंतु त्या दिवशी मिळाला तो केवळ घरचा कारभार. कर बसवावा, रेल्वे बांधावी, याची मुभा ओटावा येथील सरकारास होती. परराष्ट्रांशी तह, युद्ध, वकिलाती हे सारे लंडनच्या हाती राहिले. आपल्या पुढाऱ्यांच्या तोंडी ज्याचे नाव 'वसाहतीच्या दर्जाचे स्वराज्य' असे असे, त्याचे मूळचे रूप हे होय.

यातील अडचण कॅनडाच्या लोकांस फार लवकर कळली. त्यांचा शेजारी एकच, आणि तो बलाढ्य. त्या अमेरिकेशी बोलावयाचे तर इंग्लंडच्या तोंडून बोलावे लागे, आणि इंग्लंडला अमेरिकेचा स्नेह हवा असे. १८७१ च्या वॉशिंग्टनच्या तहाच्या वेळी कॅनडाचे पंतप्रधान सर जॉन मॅकडोनल्ड यांस वाटाघाटीस बसविले, ते ब्रिटिश शिष्टमंडळातील एक सभासद म्हणून. कॅनडाच्या किनाऱ्यावरील मासेमारीचा हक्क अमेरिकनांस द्यावा लागला. मॅकडोनल्ड यांनी नाखुषीने सही केली.

पुढे १९०३ साली अलास्काच्या सीमेचा तंटा लवादापुढे आला. लवादात सहा जण होते : तीन अमेरिकन, दोन कॅनेडियन आणि सहावे इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टोन. अल्व्हरस्टोन यांनी मुख्य मुद्द्यांवर अमेरिकेच्या बाजूने मत दिले आणि चार विरुद्ध दोन असा निकाल लागला. दोघा कॅनेडियन सभासदांनी निवाड्यावर सही करण्याचे साफ नाकारले. निकाल कायद्याला धरून होता की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि त्यात पडण्याची आमची योग्यता नाही. परंतु आपल्या घराची हद्द ठरविताना आपल्या वतीने तिसऱ्याच कोणी मत द्यावे, हे शल्य त्या लोकांच्या मनात खोल रुतून बसले, एवढे निश्चित.

१९०९ साली ओटावाने परराष्ट्रखाते उघडले. खाते म्हणजे काय, तर जोसेफ पोप नावाचे एक वाकबगार सचिव आणि हाताखाली मोजके कारकून. आणि कचेरी कोठे, तर बँक स्ट्रीटवर एका न्हाव्याच्या दुकानाच्या वर! पोप यांची मुख्य तक्रार अशी की, परराष्ट्रांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे कागद निरनिराळ्या खात्यांत विखुरलेले आहेत आणि सबंध प्रकरण कोणासच ठाऊक नाही. ते कागद एका जागी आणून त्यांची नीट मांडणी करणे हेच या खात्याचे आरंभीचे काम. राज्यकारभारात दप्तराचे मोल काय असते, हे पेशव्यांच्या दप्तराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडने युद्ध पुकारले आणि कॅनडा आपोआप युद्धात ओढला गेला. लोकसंख्या सुमारे ८० लाख. त्यांतून सहा लाखांवर लोक सैन्यात दाखल झाले व साठ हजारांच्या आसपास मृत्यू पावले. १९१७ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीवरून फ्रेंच भाषा बोलणारा क्वेबेक प्रांत आणि इंग्रजी बोलणारे बाकीचे प्रांत यांच्यात अशी तेढ पडली की, देश दुभंगतो की काय असे वाटू लागले. एवढे रक्त सांडल्यावर पंतप्रधान सर रॉबर्ट बोर्डन यांनी तहाच्या मेजावर वेगळी जागा मागितली व ती मिळविली. व्हर्सायच्या तहावर कॅनडाच्या दोन मंत्र्यांच्या सह्या आहेत. मात्र त्या ब्रिटिश साम्राज्याच्या मथळ्याखाली आहेत. त्याच तहावर हिंदुस्थानच्या वतीनेही सह्या झाल्या : एक भारतमंत्री माँटेग्यू यांची आणि दुसरी बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. राष्ट्रसंघाचे सभासदत्व उभय देशांस मिळाले. परंतु कॅनडाचे प्रतिनिधी आपल्या पार्लमेंटला जबाबदार होते, आणि आपले कोणास जबाबदार होते हे आपण जाणताच.

आता आम्ही कथेच्या मध्यभागी येतो. सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्कस्तानात चनाक येथे केमाल पाशांच्या फौजा आणि ब्रिटिश फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या. लॉइड जॉर्ज यांच्या सरकारने वसाहतींकडे सैन्य मागणारी तार केली आणि लगोलग ती गोष्ट वर्तमानपत्रांसही कळविली. कॅनडाचे पंतप्रधान मॅकेंझी किंग यांस सरकारी तार उलगडून मिळण्यापूर्वीच एका बातमीदाराने तिच्याविषयी विचारले. किंग हे गृहस्थ सावध. सावध म्हणण्यापेक्षा लोक त्यांस चिकट म्हणत. त्यांनी 'हो' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. सैन्य पाठवावयाचे की नाही ते आमचे पार्लमेंट ठरवील, एवढेच उत्तर त्यांनी दिले. पार्लमेंटची बैठक तर चालू नव्हती! ती भरण्याची वेळ येण्यापूर्वीच तो प्रसंग निवळला.

पुढच्याच वर्षी जी गोष्ट घडली ती ऐकून आपणांस कदाचित हसू येईल. उत्तर पॅसिफिक महासागरात हॅलिबट नावाचा चपट्या अंगाचा मोठा मासा सापडतो. तो इतका धरला जाऊ लागला की त्याचे बीजच नष्ट होईल अशी भीती पडली. तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ही मासेमारी बंद ठेवावी, असा करार कॅनडा आणि अमेरिका यांच्यात ठरला. आपले कोळीबांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात घालीत नाहीत, तसाच हा प्रकार. प्रश्न उरला तो एवढाच की, कॅनडाच्या बाजूने सही कोणी करावयाची? आजवरच्या रिवाजाप्रमाणे वॉशिंग्टनमधील ब्रिटिश वकिलाची सही हवीच, असे लंडनचे म्हणणे. किंग यांनी कळविले की, मासा आमचा, शेजारी आमचा, तेव्हा सही आमच्या मंत्र्याची पुरे. ब्रिटिश वकील सर ऑकलंड गेडीज यांस हे रुचले नाही, पण ओटावाने माघार घेतली नाही. अखेर २ मार्च १९२३ रोजी कॅनडाचे मत्स्योद्योगमंत्री अर्नेस्ट लापॉइंट यांनी एकट्यांनी सही केली. लापॉइंट हे क्वेबेकचे फ्रेंच भाषक, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

गंमत अशी की, अमेरिकेच्या सिनेटला हा पोटभेद प्रथम उमगलाच नाही. ग्रेट ब्रिटनच्या अन्य भागांतील लोकांनीही हा मासा धरू नये, अशी पुस्ती त्यांनी संमती देताना जोडली. ती कॅनडाने मानली नाही आणि शेवटी ती गळली. त्या कराराने नेमलेली समिती नाव बदलून आजही काम करीत आहे.

एवढ्याशा माशाच्या करारास आम्ही इतके महत्त्व का देतो? कारण एकदा एकट्याची सही चालली की पुढच्या वेळी दुसरी मागण्यास आधार राहत नाही. १९२६ च्या साम्राज्य परिषदेने इंग्लंड आणि स्वराज्य वसाहती समान दर्जाच्या असून कोणी कोणाच्या अधीन नाही, असे जाहीर केले. १९३१ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने ते कायद्यात उतरविले. दरम्यान १९२७ साली व्हिन्सेंट मॅसी वॉशिंग्टनला कॅनडाचे वकील म्हणून गेले, १९२८ मध्ये पॅरिस व १९२९ मध्ये टोकियो येथे वकिलाती निघाल्या. ओ. डी. स्केल्टन या विद्वान प्राध्यापकांनी परराष्ट्रखात्याची सूत्रे १९२५ मध्ये घेतली आणि परीक्षा घेऊन हुशार तरुण निवडले. १९२८ च्या तुकडीतील लेस्टर पिअर्सन यांचे नाव पुढे येणारच आहे.

या काळातील कॅनडाच्या धोरणाची आम्ही केवळ स्तुती करणार नाही. स्वतंत्र सहीचा अधिकार मिळाल्यावर किंग यांनी तो बहुधा सही न करण्याकडेच वापरला. इटलीने अबिसीनियावर स्वारी केली तेव्हा, १९३५ साली, जिनिव्हातील कॅनडाचे प्रतिनिधी वॉल्टर रिडल यांनी इटलीला तेल, कोळसा व पोलाद देऊ नये अशी सूचना पुढे केली. सरकारने ते मत रिडल यांचे वैयक्तिक ठरवून हात झटकले. किंग यांच्यापुढे १९१७ ची दुफळी उभी होती, हे समजण्याजोगे आहे. परंतु दुबळ्या राष्ट्राची बाजू त्या दिवशी आणखी दुबळी झाली, हेही खरे. आणि आपल्या लोकांसंबंधी म्हणाल तर, १९१४ साली कोमागाटा मारू बोटीवरील ३७६ प्रवाशांपैकी अगदी थोडे वगळता बाकीच्यांस व्हँकुव्हरहून परत लोटण्यात कॅनडाने जराही संकोच केला नाही. १९२२ मध्ये नामदार श्रीनिवास शास्त्री या वसाहतींचा दौरा करून तेथील हिंदी रहिवाशांच्या हक्कांसाठी बोलून आले. बोटीच्या प्रकरणी कॅनडाच्या पंतप्रधानांनी पार्लमेंटात क्षमा मागितली ती २०१६ साली.

सप्टेंबर १९३९ मध्ये या साऱ्याची कसोटी लागली. ३ तारखेस इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. या वेळी कॅनडा आपोआप ओढला गेला नाही. ७ तारखेस पार्लमेंट भरले, वादविवाद झाला, जे. एस. वुड्सवर्थ या वृद्ध शांततावादी पुढाऱ्याने एकाकी विरोध नोंदविला, आणि १० तारखेस कॅनडाच्या नावाने वेगळी युद्धघोषणा झाली. मधल्या आठवड्यात अमेरिकेने कॅनडास तटस्थ धरले, त्यामुळे लढाईचे सामान सरहद्दीवरून येत राहिले; हा व्यवहारी लाभही झाला.

त्याच ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. त्यांनी कोणा लोकनियुक्त प्रतिनिधीस विचारले नाही. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आपल्या मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. एकाच बादशहाच्या दोन मुलखांतील एकाने सात दिवस विचार केला, आणि दुसऱ्यास विचार करण्याची सवडच दिली नाही. स्वराज्याचे निरनिराळे दर्जे मुलांना समजावून देताना आम्ही वर्गात नेहमी हाच दाखला देत असू.

युद्धानंतरची हकिगत थोडक्यात सांगतो. एप्रिल १९४९ मध्ये भारताने प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहावे, हे लंडनच्या बैठकीत ठरले तेव्हा कॅनडाच्या वतीने परराष्ट्रमंत्री पिअर्सन हजर होते. १९५६ साली इंग्लंड व फ्रान्स यांनी सुवेझवर हल्ला चढविला. चनाकच्या वेळी किंग यांनी उत्तर टाळले होते. या वेळी पिअर्सन यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत उभे राहून इंग्लंडच्या मागे जाण्याचे नाकारले आणि शांतिसेनेची योजना मांडली. ४ नोव्हेंबरला ती ५७ मतांनी संमत झाली. विरोधात एकही मत पडले नाही, १९ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्या सेनेत आपले भारतीय जवानही होते. पिअर्सन यांस १९५७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मातृभूमीचा विश्वासघात केला म्हणून स्वदेशातील इंग्रजाभिमानी लोकांच्या शिव्याही मिळाल्या.

तरी इजिप्तचे नासर यांनी कॅनडाची पायदळ पलटण घेण्यास हरकत घेतलीच. पलटणीचे नाव 'क्वीन्स ओन रायफल्स', गणवेश इंग्रजी वळणाचा, आणि निशाणाच्या कोपऱ्यात युनियन जॅक! इजिप्तच्या शिपायाने हे इंग्रज नव्हेत हे ओळखावे कसे? ती पलटण हॅलिफॅक्स बंदरातच थांबली, आणि तिच्याऐवजी दळणवळणाची व पुरवठ्याची पथके गेली. पिअर्सन पुढे पंतप्रधान झाले, आणि १५ फेब्रुवारी १९६५ रोजी मेपलच्या पानाचे लाल-पांढरे निशाण ओटावास चढले. राज्यघटना दुरुस्त करण्यास लंडनच्या पार्लमेंटची गरज उरली नाही ती १७ एप्रिल १९८२ पासून. राजा अद्याप आहे, पण तो कॅनडाचा राजा म्हणून आणि तेथील मंत्र्यांच्या सल्ल्याने.