नोकरदार माता आणि तान्ह्याचे दूध

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पैठण येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर आम्ही बहुधा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाविषयीच बोलत आलो. यंदा चिटणीसांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. "गुरुजी, हा विषय महिला मंडळाकडे दिला तर?" असे त्यांनी भीत भीत सुचविले. आम्ही म्हणालो, महिला मंडळास हा विषय ठाऊकच आहे. ठाऊक नाही तो आम्हां पुरुषांस, आणि त्यांतही आम्हां वडीलधाऱ्यांस. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आमच्या घरी आमच्याच हातून एक चूक घडली. ती चारचौघांत सांगितल्यावाचून आमचे मन हलके होणार नाही, आणि ती ऐकून दोन घरे सावध झाली तर या भाषणाचे सार्थक होईल.

प्रथम आपल्या गावचीच एक गोष्ट स्मरावी. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक तान्हे मूल रडत होते. आई पाण्यास गेलेली, मूल तिच्या मागे निघाले आणि वाळूत पोळू लागले. मूल अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरचे, म्हणून त्यास उचलण्यास कोणी धजेना. नाथमहाराजांनी त्यास कडेवर घेतले, त्याचे नाक-डोळे पुसले आणि घरी पोहोचविले. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि तिच्यातून समतेचा बोधही घेत आलो. तथापि एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. ती आई कामास गेली होती. आई कामास जाते आणि मूल मागे राहते, हा प्रश्न आजकालच्या सुशिक्षित स्त्रियांनी निर्माण केलेला नाही. तो पुरातन आहे. मधल्या वेळात त्या मुलास कोण उचलतो, एवढाच प्रश्न प्रत्येक पिढीस नव्याने सोडवावा लागतो.

आमच्या लहानपणी पैठणीच्या मागावर बसलेली बाई मूल रडले की माग थांबवी आणि त्यास जवळ घेई. शेतात खुरपणीस गेलेली बाई बाभळीस झोळी बांधी. काम आणि मूल यांच्यात हाकेचे अंतर होते. आता ते अंतर पन्नास किलोमीटरांचे झाले आहे. आपल्या समाजाच्या कितीतरी लेकीसुना सकाळची एस.टी. धरून छत्रपती संभाजीनगरास कचेऱ्यांत, शाळांत, रुग्णालयांत आणि कारखान्यांत कामास जातात. त्यांच्या पगारावर घराचे हप्ते फिटतात, दिरांची शिक्षणे होतात. त्याचा आपणांस अभिमान आहे. परंतु त्यांच्या तान्ह्या मुलांनी दिवसभर काय प्यावे, याचा विचार आपण किती केला?

आमच्या सूनबाई शहरातील एका खासगी कचेरीत कामास आहेत. प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांस प्रसूतीपूर्वीच आठ आठवडे विश्रांती घ्यावी लागली. उरले अठरा. म्हणजे बाळ चार महिन्यांचे होताच कामावर रुजू होणे प्राप्त झाले. बाळास सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे, असेही ती सांगते. सूनबाई सकाळी आठास घर सोडीत आणि संध्याकाळी सातास परतत. अकरा तास!

म्हणून त्यांनी एक हातपंप आणला. दुपारच्या सुटीत त्या दूध काढीत, झाकणाच्या स्वच्छ डबीत भरीत आणि बर्फाच्या पिशवीत ठेवून घरी आणीत, की दुसऱ्या दिवशी ते बाळास मिळावे. कचेरीत त्यासाठी जागा नव्हती. एक अडगळीची खोली होती. तिच्या दारास कडी नव्हती. दारास पाठ लावून, कोणी ढकलील या धास्तीत त्या अर्धा तास बसत. खोलीत सामान आलेले असले, तर शौचालयात उभ्याने हे काम करावे लागे. बंधूंनो, आपल्यापैकी कोणी शौचालयात उभे राहून भाकरी खाईल काय? मग बाळाचे अन्न तेथे का सिद्ध व्हावे?

पण कचेरीस दोष देऊन आम्हांस मोकळे होता येणार नाही. एका सकाळी देवाच्या नैवेद्याकरिता दूध घेण्यास आम्ही शीतकपाट उघडले. दुधाच्या पातेल्याशेजारी ती डबी दिसली. आम्ही विचारले, "हे काय आहे?" सूनबाईंनी सांगितले. आमच्या तोंडून निघून गेले, "देवाच्या दुधाशेजारी हे कशाला?" त्या एक शब्द बोलल्या नाहीत. डबी उचलली आणि मोरीत रिती केली. मग चपला घालून एस.टी.स निघून गेल्या.

त्या दिवशी बाळास पावडरीचे दूध पाजले. त्यानंतर घरी डबी येईनाशी झाली. कचेरीत छाती ठणकू लागली की सूनबाई दूध काढून तेथेच ओतून देत. पुढे पुढे भीतीने आणि कंटाळ्याने तेही टळू लागले. दोन आठवड्यांत त्यांस गाठ येऊन ताप भरला आणि दूध निम्म्यावर आले. आम्ही घरात म्हणालो, "दूधच कमी, त्यास कोण काय करणार?" तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी प्रथमच आम्हांस सुनावले : "दूध कमी नव्हते. तुम्ही ते ओवळे ठरविलेत." चाळीस वर्षे मुलांना शुचिर्भूतपणाचे धडे देणाऱ्या मास्तरास त्या वाक्यावर उत्तर सुचले नाही.

त्याच आठवड्यात लसीकरणाची आठवण देण्यास आशाताई आल्या. आम्ही त्यांस बसवून घेतले आणि विद्यार्थ्याप्रमाणे सारे विचारले. पुढे डॉक्टरांकडूनही ते पडताळून घेतले. जे समजले ते थोडक्यात सांगतो.

आईचे दूध हा विहिरीतील साठा नव्हे, झरा आहे. जितके रिते करावे तितके पुन्हा भरते. वेळेवर रिते केले नाही तर शरीर समजते की आता गरज उरली नाही, आणि दूध ओसरते. शिवाय गाठी, वेदना आणि ताप येतो तो निराळाच. दुसरे असे की दूध उतरविणारा जो रस मेंदूतून सुटतो, तो भीतीने आणि संकोचाने अडतो. म्हणजे दारास कडी असणे ही चैन नाही. कडी नसेल, तर दूधच उतरत नाही. आणि सासऱ्याचा एक शब्द त्या कडी नसलेल्या दारासारखाच असतो.

काढलेले दूध कसे जपावे? हात साबणाने धुवावेत, भांडी उकळून घ्यावीत. पंचवीस अंशांपर्यंतच्या थंडाव्यात दूध सुमारे चार तास चांगले राहते. आपल्या वैशाखात तो भरवसा धरू नये, बर्फाची पिशवी हवीच. शीतकपाटात ते चार दिवसांपर्यंत टिकते असे सांगतात. परंतु वीज जाणाऱ्या गावी एका दिवसात संपविणे बरे. डबी दारातील कप्प्यात न ठेवता आत, मागील बाजूस ठेवावी आणि तिच्यावर तारीख व वेळ लिहावी. वर साय येऊन थर दिसला, तर ते नासले असे समजू नये. हलक्या हाताने हलविले की मिसळते. ते चुलीवर कधीही तापवू नये. कोमट पाण्याच्या भांड्यात डबी धरावी. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले उत्तम. पाजून उरलेले पुन्हा ठेवू नये.

त्याच संध्याकाळी आम्ही शीतकपाटाचा वरचा कप्पा स्वतः पुसून रिकामा केला. सूनबाई आल्यावर म्हणालो, "सूनबाई, हा कप्पा आता बाळाचा. आमचे चुकले." त्या म्हणाल्या, "बाबा, असू द्या." आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी डबी आली. दुपारचे पाजणे आम्ही आमच्याकडे घेतले. बोंडले धरण्यास आमचा हात प्रथम कापला, नंतर सरावला. दूध पुष्कळसे परत आले, सगळे आले नाही. राहिलेली उणीव डॉक्टरांच्या सल्ल्याने वरच्या दुधाने भरावी लागली. ज्या मातांस प्रयत्न करूनही दूध पुरत नाही, त्यांस कोणी बोल लावू नये. परंतु आमच्या घरी जे गेले ते एका शब्दाने गेले, हे आम्ही विसरणार नाही.

आता कायद्याविषयी. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्री-कामगारांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकास पाठिंबा दिला आणि मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, असे प्रतिपादन केले. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमाने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मातेस नेहमीच्या सुटीखेरीज दिवसातून दोन स्तनपान-विराम दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसांवर गेली, आणि पन्नास व अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरले. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी घेण्यात आल्या. परंतु पैठणचे बाळ उन्हातान्हात एस.टी.ने शहरातील पाळणाघरात कोण नेणार? विराम मिळतो, पण बाळ जवळ नसते. अशा वेळी त्या विरामात दूध काढून ठेवणे हाच उपाय उरतो, आणि त्यासाठी लागतात एक दार, एक कडी आणि एक खुर्ची.

आपल्या महाराष्ट्रास हे नवे नाही. रायगडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या गवळण हिरकणीची आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. तिच्या नावाने एस.टी. स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत हिरकणी कक्ष निघाले. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्हे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनास आल्या, तेव्हा विधानभवनातही असा कक्ष करण्यात आला. हे योग्यच झाले. मात्र आम्हांस असे वाटते की हिरकणीच्या धाडसाचे कौतुक करताना दरवाजा बंद होता, ही गोष्ट आपण विसरतो. आपल्या सुनांनी रोज कडा उतरावा, अशी अपेक्षा का धरावी? दरवाजा उघडा ठेवणे आपल्या हाती आहे.

आणि ज्यांस अजूनही या दुधाविषयी किंतु वाटतो, त्यांनी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे स्मरण करावे. तेथे २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशिया खंडातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. माता आपले जास्तीचे दूध तेथे देतात. दात्या मातांची रक्ततपासणी होते, ते दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बालकांस पाजले जाते. त्या बाटलीवर जातीचा शिक्का नसतो. कोण्या अनोळखी मातेचे दूध कोण्या अनोळखी बालकास जगविते. वाळवंटातील ते मूल नाथांनी उचलले, त्याच जातीचे हे काम आहे. आणि आम्ही तर आमच्याच नातवाचे दूध, आमच्याच सुनेच्या हातचे, ओवळे ठरविले!

आता मंडळापुढे तीन विनंत्या. पहिली, आपल्या समाजमंदिरात एक लहान खोली मातांसाठी राखावी. तीत आतून कडी, खुर्ची, हात धुण्याची सोय आणि विजेची जोडणी असावी. तिच्या कडीकोयंड्याचा आणि खुर्चीचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. दुसरी विनंती समाजातील व्यापारी बंधूंस. आपल्या दुकानांत दोन-चार मुली कामास असतात. तेथवर कायद्याचा हात पोहोचत नाही, म्हणून आपलाच पोहोचावा. दिवसातून दोनदा अर्धा तास आणि एक बंद दार, एवढ्याने धंदा बुडत नाही. तिसरी विनंती आमच्या वयाच्या मंडळींस. घरी शीतकपाटात अशी डबी दिसली, तर काही बोलू नका. पातेले थोडे सरकवा आणि डबीस जागा करून द्या.

आमचा नातू आता घरभर धावतो. शीतकपाटाचा वरचा कप्पा पुन्हा भाजीने भरला आहे. तथापि नैवेद्याचे दूध काढताना आमचा हात अजूनही तेथे क्षणभर थांबतो.