रोहीचं पुस्तक कोण काढणार?



प्राण्यांच्या पुस्तकांबद्दल खाप्यात बोलायचं तर जरा जपूनच बोलावं लागतं. पुण्या-मुंबईच्या सभागृहात वाघ हा पुस्तकातला वाघ असतो. इथे गावाच्या नावानं वनखात्याचं परिक्षेत्र आहे आणि पलीकडे पेंचचं जंगल. वाघ दिसल्याची नुसती वार्ता आली तरी आया दिवेलागणीच्या आत लेकरं घरात घेतात. रोही, म्हणजे नीलगायी, हरभऱ्यात शिरले, डुकरांनी रात्रीतून मका झोपवला, हे जेवताना बोललं जातं आणि चार वर्षांचं पोर ते कान देऊन ऐकत असतं. त्याच्या हाती आपण काय देतो? जिराफ, झेब्रा, पेंग्विन आणि मुकुट घातलेला सिंह. जिराफाशी माझं वैर नाही. पण ज्या मुलाला रोहीचा माग ओळखता येतो, त्याला रोही कुठल्याच पुस्तकात भेटू नये, याचं मला वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं बोलतो. प्राण्यांच्या गोष्टी आपण बहुधा दोन कारणांनी घेतो: प्राण्यांची माहिती व्हावी आणि बोध मिळावा. टोरांटोच्या पॅट्रिशिया गॅनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही तपासून पाहिलं आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुस्तकातले प्राणी माणसांसारखे बोलू-वागू लागले की तीन ते पाच वर्षांची मुलं खऱ्या प्राण्यांनाही माणसांचे गुण चिकटवतात, असं दिसलं. 2017 च्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली. गोष्टीत माणसं होती तेव्हा मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले. त्याच गोष्टीत कपडे घातलेले प्राणी आल्यावर तसं झालं नाही. म्हणजे माहितीही गढूळ झाली आणि बोधही पोचला नाही. अभ्यास परदेशातल्या मुलांवरचे आहेत, आपल्याकडे कोणी करून पाहावेत. पण मुखपृष्ठावर 'बोधकथा' छापलेलं पुस्तक केवळ त्या शब्दावर विकत घेण्याचं आता तरी थांबवू या.

म्हणून बोलणाऱ्या प्राण्यांना हद्दपार करायचं का? मुळीच नाही. चिऊ-काऊच्या घराची गोष्ट महानुभावांच्या लीळाचरित्रात सापडते. सात शतकांहून अधिक काळ ती मराठी घरांत सांगितली जाते आहे. ती ऐकून कोणी कावळ्याला आळशी समजलं असेल, तर त्याची भरपाई अंगणातला कावळा करतो. ऐकणाऱ्यानं खरा कावळा रोज पाहिलेला असतो, म्हणूनच तिथे गोष्ट खपून जाते. अडचण येते ती न दिसणाऱ्या प्राण्यांची. लांडगा घ्या. माळरानावरचा आपला लांडगा किती मुलांनी पाहिलाय? गोष्टींत मात्र तो दार ठोठावत, पोट फुगवत येतोच. खरं तर लांडग्यांना माणुसकीनं वागवणारी जगप्रसिद्ध गोष्ट आपल्या शेजारची आहे. किपलिंगनं 1894 च्या जंगल बुकात मोगलीला सिवनीच्या डोंगरांत वाढवलं. तो स्वतः तिथे कधी गेला नव्हता. स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याचं सिवनीवरचं पुस्तक त्याच्या कामी आलं असं सांगतात. त्या गोष्टीतल्या वैनगंगेलाच पुढे आपली कन्हान मिळते. तरी लांडगा म्हटलं की आपल्या मुलांना परदेशी कथेतलाच आठवतो!

निवड करताना मी आधी चित्र बघतो, मजकूर मागाहून. कोल्ह्याच्या शेपटीचं टोक पांढरंशुभ्र आणि अंग तांबडंलाल असेल, तर तो युरोपातून आलाय. आपल्या खोकडाच्या शेपटीचं टोक काळं असतं. साप वाटीतून दूध पिताना दाखवला असेल तर ते पुस्तक मी परत ठेवतो, मग सवलत कितीही असो. साप दूध पीत नाही. जिथे शेतात घोणस निघते तिथे सापाबद्दल खोटं छापणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. तीनच्या आतल्या मुलांसाठी जाड पुठ्ठ्याची पानं, एका पानावर एकच प्राणी, आणि तो काहीतरी करताना: खाजवताना, पिल्लाला चाटताना. माहितीचा भडिमार नको. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा. मुलाला काय दिसेल आणि काय सुचेल, याचा विचार चित्रात आधी होतो, मग शब्द येतात. ग्रंथालयांच्या खरेदी समित्यांना माझी एकच विनंती आहे: यादीवर सही करण्याआधी पुस्तक मोठ्यानं वाचून पाहा. जीभ अडखळली तर ते भाषांतर कच्चं आहे.

रानावनांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली जून 2025 मध्ये गेले. 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. नवेगावबांधच्या रानात आदिवासींकडून, वनमजुरांकडून ऐकलेलं त्यांनी मोठ्यांसाठी भरपूर लिहून ठेवलं. त्यातला चिमूटभर ऐवज तरी सोळा पानी रंगीत पुस्तकात उतरावा, असं मला फार वाटतं.

आणि तान्हा पोळा! मुलांनी लाकडी बैल सजवायचा, घरोघर न्यायचा, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवायचा. जनावराला मुलाच्या हातात देणारा असा सण विदर्भाबाहेर मी पाहिलेला नाही. त्यावर शाळेत निबंध येतात, पुस्तक मात्र हाती लागत नाही. बैल ट्रॅक्टरपुढे गोठ्यातून चालला आहे, म्हणजे हे काम लवकर व्हायला हवं. त्यात लाकडी बैलाला डोळे नकोत. त्याला डोळे मुलानं रंगवावेत.

मघाचं रोहीचं राहिलं. रोही शेतकऱ्याचं पीक खातो आणि तरी चार वर्षांच्या मुलाला तो सुंदर दिसतो. दोन्ही खरं आहे. घरात बापाची हानी झालेली असताना त्या मुलाला ही गोष्ट कशी सांगायची, हे मला अजून नीट सुचलेलं नाही. अंगणवाडीच्या ताईंनो, तुम्ही शेतकऱ्यांची लेकरं रोज सांभाळता. दुपारच्या सत्रात तुम्ही बोलावं, लेखक-चित्रकारांनी वह्या उघडून बसावं. माझी वही उघडी आहे.