खणाची चोळी



१८५७ च्या काळावरील नाटकात लुगड्यावर हुकांचे पोलके पाहिले की मन खट्टू होते. त्या काळची मराठी चोळी आखूड, अंगाबरोबर बसणारी, हातशिवणीची. पुढे मारलेली गाठ हेच तिचे बंधन. खणाचा काठ बाहीच्या टोकाशी यावा, अशी तिची बेतणी असे. गुळेदगुड्डचे खण आजही बाजारात मिळतात; ती बेतणी जाणणारे हात मात्र दुर्मिळ झाले.

आजीची एकुलती चोळी उसवायला आई प्रथम तयार नव्हती. अखेर तिनेच टाके सोडले. त्यावरून कागदावर उतरवलेला बेत आज ग्रंथालयास अर्पण करतो. तो पोथीसारखा जपावा. पण कपाटात कोंडू नये, ही विनंती.